नलूची मुंबई, वहिनींची लाली

मुंबईबद्दल कोणी चांगलं बोललं की गावंडे वहिनींच्या हातातलं काम आपोआप जोरात व्हायला लागायचं. विळीवर कांदा असेल तर त्याचा भुगा व्हायचा, धुणं असेल तर बिचाऱ्या चादरीचा जीव जायचा. आणि कोणी वाईट बोललं, तर त्या काम बाजूला सारायच्या, नीट मांडी घालायच्या आणि म्हणायच्या, "हां, सांग पुढं."

भिलाईतल्या आमच्या ब्लॉकमध्ये खाली आम्ही राहायचो आणि वर गावंडे. मी लग्न होऊन नागपूरहून इथे आले तेव्हा शाळेतली नोकरी लागायची होती. नवरा स्टील प्लांटच्या अकाउंट्समध्ये, घरात दिवसभर दुसरं माणूस नाही. पहिल्याच संध्याकाळी वरून एक उंच, सावळ्या बाई जिना उतरून आल्या. पदर खोचलेला, बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या, हात पिठाचे. माझं नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. दारातूनच म्हणाल्या, "मुंबईले कोनी हाय का तुमचं?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं हाय," असं म्हणून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "चला मंग छतावर. चहा वरच घेऊ."

भिलाईत गच्चीला गच्ची म्हणत नाहीत, छत म्हणतात, हे मला तेव्हाच कळलं. छतावरून अख्खा प्लांट दिसायचा. वहिनींनी मला कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनच्या चिमण्या दाखवल्या, भट्ट्यांची ती वाकडीतिकडी उंच बांधणी दाखवली, एका नळीच्या टोकावर अखंड जळणारी गॅसची ज्योत दाखवली. नव्या सुनेला सासरची माणसं दाखवतात तशी प्रत्येकाची ओळख करून दिली. मी आपली मान डोलावत होते. तेवढ्यात लांबून इंजिनाची शिटी आली, पाठोपाठ दुसरी. वहिनींनी माझ्या हातातली बशी काढून घेतली. "आता इकडेतिकडे पाहू नोको," म्हणाल्या.

आणि आकाश लाल झालं. खालून वर चढत गेलं, ढगांच्या पोटापर्यंत. चिमण्या त्या लालीत काळ्या आणि उंच दिसायला लागल्या, वहिनींचा चेहरा तांबडा झाला, माझ्या नव्या पिवळ्या साडीचा रंग बदलला. मग हळूहळू ओसरत सगळं पुन्हा राखाडी झालं. मी घाबरून वहिनींचा हात धरला होता.

"आमच्या यायनं ओतलं," वहिनी म्हणाल्या. स्वयंपाक आवडला का असं विचारणाऱ्या बाईच्या आवाजात.

भट्टीत लोखंड वितळलं की जो मळ वर येतो त्याला स्लॅग म्हणतात. तो रसरशीत मळ मोठमोठ्या कढयांत, म्हणजे लेडलमध्ये भरून, रुळांवरून प्लांटच्या कडेला नेतात आणि उतारावर ओतून देतात. त्या गाडीचं इंजिन वहिनींचे 'हे', म्हणजे गावंडेजी, चालवायचे. ओतायच्या आधी दोन शिट्या द्यायच्या हा नियमच होता, म्हणजे खाली कोणी असलं तर बाजूला होईल. आमच्या गल्लीतल्या बायकांचं मत मात्र असं होतं की त्या दोन शिट्या वहिनींसाठी असतात. गावंडेजींना कोणी छेडलं की ते सायकलची चेन तपासत "नियम हाय," एवढंच म्हणायचे. वहिनी मान खाली घालून हसायच्या. नियमावर इतकं लाजलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

गावंडेजींची सेकंड शिफ्ट, दुपार ते रात्रीची, असेल त्या आठवड्यात वहिनी संध्याकाळची कामं लवकर उरकायच्या. इतर आठवड्यांत लाली दुसऱ्या कोणाच्या हातची असायची, आणि ती त्यांना चाखल्यासारखी कळायची. "आज फिकी हाय. साहूच्या हातची असन," असं त्या बेधडक सांगायच्या. साहूबाई चारच घरं पलीकडे राहायची आणि तिला हे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायच्या. माझ्या नवऱ्याने जन्मभर प्लांटच्या बेरजा केल्या. एकाही बेरजेने आकाशाचा रंग बदलला नाही. मी हे त्याला एकदा बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, पगार वेळेवर होतो तो काय आकाशातून पडतो? त्याचंही बरोबर होतं, पण शिटी नव्हती त्यात.

वहिनींची धाकटी बहीण नलू मुंबईला दिली होती. दर दिवाळीनंतर नलूकडून कॅलेंडर यायचं, तिच्या नवऱ्याच्या कंपनीचं. वर मोठा रंगीत फोटो: समुद्राच्या काठाने वळत गेलेल्या इमारती आणि त्यांचे दिवे, पाण्यात उतरलेले. कधी या बाजूने घेतलेला, कधी त्या बाजूने, पण मुंबई तीच. वहिनी ते कॅलेंडर स्वयंपाकघरात लावायच्या, बरोबर स्टोव्हच्या वर, जिथे फोडणीचा धूर जातो. होळीपर्यंत मुंबई पिवळी पडलेली असायची, पोळ्यापर्यंत तिच्यावर हळदीचे आणि तेलाचे शिंतोडे असायचे. मी म्हटलं, "वहिनी, इतका चांगला फोटो, बाहेरच्या खोलीत लावा ना." तर म्हणाल्या, "कावून? तिले बी कळू दे आमची फोडनी."

नवं कॅलेंडर आलं की जुनं लगेच काढायच्या नाहीत. दोन्ही शेजारी धरून एकेक इमारत तपासायच्या. "ही पाय. ही नवीन हाय. मागच्या खेपेले इथं नुसतं आभाळ होतं." नवी इमारत सापडली की पुढचे काही दिवस घरात कोणाशी धड बोलायच्या नाहीत. आणि प्लांटचं काम वाढून नव्या भट्टीची चिमणी उभी राहायला लागली, तेव्हा आमच्या ब्लॉकमध्ये त्यांनी घरोघर जिलेबी वाटली. कँप वनच्या बाजारातून स्वतः जाऊन आणली. लोकांना वाटलं गावंडेजींना प्रमोशन मिळालं. बायका अभिनंदन करायला आल्या, तर वहिनी त्यांना वर छतावर नेऊन चिमणी दाखवायला लागल्या.

मला आधी वाटायचं, बाईला जरा खूळ आहे. मग एका उन्हाळ्यात आम्ही दोघी छतावर कुरडया घालत होतो. प्लांटची काळी भुकटी पडायची म्हणून वर जुनं पातळ ताणून, त्याच्या सावलीत बसून. तेव्हा कुरडईचा साचा दाबता दाबता त्या सहज बोलल्या, "नलूचं स्थळ माहं होतं."

मी चिकाचं पातेलं त्यांच्याकडे सरकवलं.

"मुंबईहून मुलगा आमच्या आर्वीले आला, मले पाहाले. पोहे मी नेले. नलू मागून पान्याचे गिलास घेऊन आली. बस, तेवढंच. मंग निरोप आला, मुलगी पसंत हाय, पन धाकटी."

"मग घरच्यांनी?"

"बाबा म्हनले, चालून आलेलं स्थळ परत कावून धाडा. थोरलीचं पाहू पुढं, पन धाकटीचं तं झालं. मी तिच्या लग्नात पंगतीत वाढलं. मंग दोन वर्सानं आमच्या यायचं स्थळ आलं, भिलाईचं." कुरडईचा वेढा पुरा करून त्यांनी साचा खाली ठेवला. "त्या मानसाचा नाई वं मले हेवा. तो आता रस्त्यात भेटला तं मी वळखनारबी नाई. नलूच्या खिडकीतून ते सारं दिसते ना, कॅलेंडरातलं, त्या खिडकीचा येते. ती खिडकी माही होती. तिथं उभं राहून मी पाहाले पायजे होतं. नलूचा काई दोष नाई. पन राग मले तिचाच येते, काय करू?"

"मग आता काय पाहिजे तुम्हाला?"

"काई नाई. नलूनं एकदा इथं यावं. या छतावर उभं राहावं. आन आपल्या तोंडानं म्हनावं, वच्छे, तुहं भारी हाय. एकडाव. मंग मी ते कॅलेंडर काढून टाकन."

माहेरी वहिनी वत्सला होत्या आणि नलू त्यांना वच्छी म्हणायची. त्या दिवसापासून मी त्यांची चेष्टा जरा कमी केली. अगदी सोडली नाही.

वहिनींकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाजूच्या ब्लॉकमधल्या मिसेस घोष आल्या होत्या. कलकत्त्याच्या. बाई मोठ्या टापटिपीच्या, बोलायला गोड. तिळगूळ घ्यायला स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांना ते कॅलेंडर दिसलं. म्हणाल्या, "बॉम्बे में है ही क्या भाभीजी? समंदर के किनारे माचिस की डिब्बियाँ खड़ी कर दी हैं. शहर देखना है तो कलकत्ता देखिए. हावड़ा का पुल, शाम को गंगा के ऊपर, बस देखते रह जाइए."

आम्ही सगळ्या वहिनींच्या तोंडाकडे पाहायला लागलो. इतकी वर्षं वहिनी जे म्हणत आल्या तेच ही बाई म्हणत होती. आता दोघींची गट्टी जमणार असं मला वाटलं. वहिनींनी हातातली वाटी ओट्यावर आपटली.

"माचिस की डिब्बी? आपने देखी क्या बंबई?"

"देखी तो नहीं, लेकिन..."

"नहीं देखी ना? तो मत बोलो. रात को हार के जैसी चमकती है. एक पुल को ले के बैठे हो! वैसे दस पुल तो बंबईवाले कोने में रख देंगे, पता भी नहीं चलेगा."

मिसेस घोष यांनी तिळगूळ घेतला, पण गोड बोलल्या नाहीत. त्या गेल्यावर मी विचारलं, "वहिनी, तुम्ही तरी कुठे पाहिली आहे मुंबई?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच गुन्हेगार. "मुंबईले नावं ठेवाचा हक्क माहा हाय. तिचा काय संबंध? तिच्या हातचं काय गेलं तिथं?"

पुढे भाच्याच्या मुंजीला त्या एकदा मुंबईला जाऊन आल्या. आल्यावर बरेच दिवस छतावर फिरकल्या नाहीत. माझी उत्सुकता उतू चालली होती, पण विचारायची हिंमत होईना. शेवटी मी वाळवण गोळा करत असताना त्याच वर आल्या आणि प्लांटकडे पाठ करून बसल्या.

"खरंच तसंच हाय," म्हणाल्या. "कॅलेंडरात हाय तसंच. नलूची खिडकी लहान हाय, पन दिसते सारं. मी रोज संध्याकाळी तिथं उभी राहून पाहून राहिली होती, एखादा तरी दिवा विझते का. एकबी विझला नाई."

मला हसू आलं आणि त्यांनाही आलं. मग त्या वळून प्लांटकडे तोंड करून बसल्या. "पन एक हाय. मी नलूले इचारलं, हा दिवा कोनाचा? तो कोनाचा? तिले एकाचंबी सांगता आलं नाई. इतके वर्सं पाहून राहिली, आन कोन लावते ते माईत नाई. आपलं तसं नाई." ही बाजू सापडल्यावर त्यांच्या जिवात जीव आला आणि त्या खाली जाऊन भाकरी थापायला लागल्या.

त्यानंतरच्या एका मे महिन्यात नलू आली.

महिनाभर आधीपासून वहिनी छत झाडत होत्या. खुर्ची कुठे ठेवायची, तिच्यात बसून कुठून कुठवर दिसेल, हे त्यांनी मला खुर्चीत बसवून ठरवलं. गावंडेजींनी कोणाशी तरी अदलाबदल करून सेकंड शिफ्ट घेतली. नलू एकच दिवस राहणार होती. रायपूरला नवऱ्याच्या नात्यात लग्न होतं, तिथून परत जाताना. मला वाटलं होतं बाई शिष्ट असेल. कसली शिष्ट! चीड यावी इतकी चांगली. आल्या आल्या पदर खोचून भांडी घासायला बसली, माझ्या मुलीला मांडीवर घेतलं, गावंडेजींच्या पाया पडली. बोलणं मात्र मुंबईचं झालं होतं. 'मले' नाही, 'मला'. वहिनींना तेही झोंबत होतं. त्या दिवशी त्या मुद्दाम जास्तच 'मले, तुले' करत होत्या.

संध्याकाळी वहिनींनी बहिणीला खुर्चीत बसवलं. मी पाण्याची सुरई घेऊन मागे उभी. समोर चिमण्या, भट्ट्या, धूर, सगळं उन्हात तापलेलं. नलू बघत राहिली आणि म्हणाली, "अगं वच्छे, केवढं हे! मला वाटलं नव्हतं..."

"थांब," वहिनींनी तिला हाताने अडवलं. "आताच काई बोलू नोको. आधी लाली पाय, मंग बोल."

मेमधलं ऊन. साडेसहा वाजून गेले तरी उजेड हटेना. शिटी यायची वेळ झाली, टळली. वहिनी एकदा उठल्या, एकदा बसल्या. नलू उन्हाळ्याबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल काहीबाही बोलत होती. वहिनी "हो, हो" करत होत्या, पण कान तिकडे. अखेर अंधारायला लागलं आणि शिटी वाजली. पाठोपाठ दुसरी. वहिनी ताडकन उभ्या राहिल्या, नलूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता पाय."

काहीच झालं नाही. गॅसची ज्योत जळत होती तेवढीच. थोड्या वेळाने पुन्हा दोन शिट्या आल्या. पुन्हा काही नाही. आकाश सगळीकडे होतं तसं इथेही साधं काळं होत गेलं. नलू बहिणीचं तोंड बघून घाईघाईने म्हणाली, "छानच आहे की गं. किती छान दिसतं."

"हे नाई वं," वहिनी म्हणाल्या. "हे नाई." आणि खुर्ची उचलून खाली घेऊन गेल्या.

सकाळी मी जिन्यापाशी नळावर पाणी भरत होते. गावंडेजी रात्रभर घरी आलेच नव्हते. ते आले, सायकल भिंतीला टेकवली आणि पहिल्या पायरीवरच थांबले. वर दारात वहिनी उभ्या.

"काय झालं होतं तुमाले काल?"

"लेडल गोठल्या."

"कावून?"

गावंडेजींनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "उजेड होता," म्हणाले. "उजेडात लाली दिसत नाई. म्हटलं, नलू एकच दिवस हाय. थोडा अंधार पडू द्या, मंग ओतू. गाडी तशीच उभी करून ठेवली. वरून साय धरली तरी मले वाटलं, फुटन. पन अंधारच होत नव्हता ना. वकताले कढई उलटी केली तं काई पडेच ना. आत सारा दगड झाला होता. रातभर फोडून राहिलो."

इतकी वर्षं शेजारी राहून गावंडेजींच्या तोंडून एका वेळी इतके शब्द मी प्रथमच ऐकले. स्लॅग गरम आहे तोवरच ओतायचा असतो, हे प्लांटच्या गेटवर चहा विकणाऱ्यालाही माहीत. या माणसाने ते काम वर्षानुवर्षं केलं होतं आणि तरी तो बायकोसाठी अंधाराची वाट बघत बसला. वर स्वयंपाकघरात नलू कपबशा विसळत होती, तो आवाज मधेच थांबला.

वहिनी चार पायऱ्या उतरून आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून डबा घेतला. "चला," म्हणाल्या, "आंघोळीले पानी तापलं हाय."

माझी बादली केव्हाची भरून वाहत होती. मला त्या क्षणी वहिनींचा जो हेवा वाटला तो आजही जसाच्या तसा आठवतो. मुंबई काय, कलकत्ता काय, मला नकोच होतं. माझ्यासाठी कोणी साधी कढई करपवली नव्हती.

नलू दुपारच्या गाडीने गेली. तिने काही म्हटलं नाही, वहिनींनीही काही विचारलं नाही. गावंडेजींना मेमो मिळाला आणि बरेच महिने फक्त दिवसाची शिफ्ट. त्या महिन्यांत वहिनी संध्याकाळी छतावर आल्या नाहीत. मी बोलवायला गेले तर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या नवऱ्यानं ओतलेली लाली मी कावून पाहू?" स्टोव्हच्या वर कॅलेंडर होतंच. नव्या वर्षाचं नवं आलं, तेही तिथेच लागलं.

मग प्लांटमध्ये नवी रीत आली. स्लॅग ओतून टाकण्यापेक्षा भट्टीपाशीच पाण्याचा मारा करून त्याची वाळू करायची आणि ती सिमेंटला पाठवायची. चांगलीच गोष्ट. माझ्या नवऱ्याने त्यातून प्लांटला किती फायदा होतो ते मला जेवताना समजावून सांगितलं. पण लेडलच्या गाड्या कमी होत गेल्या आणि लाली कधीमधी, सणावारासारखी दिसायला लागली. पुढे तीही नाही. नवीन लग्न होऊन आलेल्या मुलींना छतावर काय बघायचं ते कळेनासं झालं.

त्याच सुमारास दर रविवारी वहिनी माझ्याबरोबर मार्केटमधल्या एसटीडी बूथवर यायच्या, नलूला फोन लावायला. एका रविवारी त्यांनी फोन खाली ठेवला तो चेहरा पाहून मला वाटलं, कोणीतरी गेलं.

"नलूच्या खिडकीपुढं बिल्डिंग झाली," त्या म्हणाल्या. "उंच. आता काईच दिसत नाई. समुद्र नाई, दिवे नाई. भिंत दिसते म्हनते."

मला वाटलं, आता जिलेबी. पण घरी पोचेपर्यंत त्या बिल्डिंग बांधणाऱ्याचा उद्धार करत होत्या. "मेले कुठचे! त्यायले दुसरी जागा नाई भेटली? इतके वर्सं मी ज्या खिडकीवर जळली, ती अशी कोनी बंद करते का? इचारावं तरी." कोणाला विचारावं, ते मी विचारलं नाही.

गावंडेजी रिटायर झाले. रिटायर झालं की प्लांटचं क्वार्टर सोडायचं, हा भिलाईचा रिवाज. जन्म ज्या छतावर काढला ते छत आपलं नव्हतं हे त्या दिवशी कळतं. काहींनी जवळच रुआबांध्याकडे प्लॉट घेऊन घरं बांधली. गावंडे आर्वीला परत निघाले. सामान बांधायच्या मदतीला नलू मुंबईहून आली. केस पांढरे झाले होते, बाकी तशीच, चीड यावी इतकी चांगली. हिवाळ्याची संध्याकाळ. खाली ट्रक उभा होता, गावंडेजी आणि साहू मिळून पलंग चढवत होते. मी चहाचा थर्मास घेऊन वर गेले तर दोघी बहिणी छतावर उभ्या. खुर्च्या ट्रकमध्ये गेल्या होत्या.

वहिनी प्लांटकडे बोट करून सांगत होत्या, "तिथं ओतत होते. आता सारं सिमेंटले जाते. तुही ती बिल्डिंग सिमेंटचीच हाय ना? मंग बस. माहीच लाली तिथं येऊन तुह्या खिडकीपुढं उभी राहिली."

सिमेंट इथून नेमकं कुठे जातं ते ना वहिनींना माहीत होतं, ना मला. नलू हसली. मग हसता हसता थांबली.

"वच्छे, त्या दिवशी सकाळी मी आत कपबशा विसळत होते," ती म्हणाली. "भाऊजी जिन्यात बोलले ते सगळं मी ऐकलं. परत जाताना गाडीत मी रडले. माझ्या खिडकीतून एवढी मुंबई दिसायची, आणि त्यात माझ्यासाठी कोणी एक दिवा कधी उशिरा लावला नाही की लवकर लावला नाही. मी तेव्हापासून तुझ्यावर जळते. तुला सांगितलं नाही, कारण सांगवेना. तुझं भारी आहे गं. पहिल्यापासून."

मला वाटलं, आता वहिनींच्या डोळ्यांना पाणी येईल, दोघी गळ्यात पडतील. मी थर्मास घेऊन मागे सरकले. पण वहिनींनी हात लांब करून माझं मनगट पकडलं आणि मला जवळ ओढलं.

"कुंदा, तू ऐक," त्या म्हणाल्या. "नलू, पुन्हा म्हन."

"काय?"

"शेवटचं. पुन्हा म्हन. आन आमच्यासारखं म्हन."

नलू बहिणीकडे बघत राहिली. मग आर्वीत दोघी एका पांघरुणात झोपायच्या तेव्हाच्या आवाजात म्हणाली, "तुहं भारी हाय, वच्छे."

वहिनींनी ते डोळे मिटून ऐकलं. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "कॅलेंडर मात्र धाडत जा." जुनं त्यांनी गुंडाळी करून कधीच ट्रकमध्ये ठेवलं होतं, ते मी स्वतः पाहिलं होतं.

खालून ट्रकवाल्याने हॉर्न दिला. गावंडेजींनी वर पाहून हाक मारली, "चला, झालं सारं. अंधाराच्या आत निघू."

समोर चिमण्या होत्या, धूर होता, ती गॅसची ज्योत होती. लाली येणार नव्हती, हे खाली उभ्या असलेल्या माणसाइतकं कोणालाच नीट माहीत नव्हतं. वहिनी कठड्यावरून वाकल्या.

"थांबा वो जरा," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "अंधार पडू द्या."

गावंडेजींनी ट्रकवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं आणि ते पायरीवर बसले.